भयपटातला सीन: कॅमेरा, आवाज आणि रंग तिघं एकदम बोलले की भीती जाते का?

मंद्र_सप्तक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहून काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी आम्ही चार मित्रांनी मिळून बारा मिनिटांची शॉर्टफिल्म केली. एडिटिंग आणि आवाज माझ्याकडे होतं. गुहागरच्या बाजूला एका मित्राचं आजोळ आहे, जुनं कौलारू घर, तिथेच चार रात्री शूट केलं. मुख्य सीन एवढाच की रात्री लाईट गेलेली, मुलगी माजघरात पाण्याचा तांब्या आणायला जाते, परत निघते तेवढ्यात मागून आजीची हाक येते, "अगं, जरा इकडे ये गो." आणि आजी तर पुढे ओटीवर झोपलेली असते. कागदावर वाचताना आमच्याच अंगावर काटा आला होता. पण पन्नासेक लोकांना दाखवली तेव्हा त्या सीनला काहीच घडलं नाही, कोणी हललंसुद्धा नाही, पुढच्या रांगेतले एक काका त्याच वेळी मोबाईल काढून बघत होते. मला ते फार लागलं.

मग मी तो सीन पन्नास वेळा बघितला. कॅमेरा मुलीच्या मागे हळूहळू सरकतोय, मागे व्हायोलिनचा चढत जाणारा सूर, आणि डीआयला (शूटनंतर रंग ठरवतात तेव्हा) आम्ही सगळी खोली निळी करून टाकलेली. म्हणजे तिघंही एकाच वेळी एकच गोष्ट सांगताहेत, की आता घाबरा. आणि प्रेक्षकाला सगळं आधीच कळलं की त्याच्याकडे करायला काही उरतच नाही.

त्यानंतर तुंबाड परत बघितला (२०१८ चा, राही अनिल बर्वे यांचा). त्यात लहान विनायक रात्री एकटा असतो आणि साखळीने बांधलेल्या म्हातारीला जेवण द्यायला त्याला जावं लागतं, तो भाग नीट बघा. म्हातारीचा आवाज आपल्याला म्हातारीच्या कितीतरी आधी भेटलेला असतो. कान त्या खोलीत आधीच जाऊन बसलेत, डोळे मात्र अजून पोराबरोबर दाराबाहेर. आणि उजेड तर दिव्याचा, पिवळा, उबदार, रोजच्या घरातला असतो तसा. रंग म्हणतोय घर आहे, आवाज म्हणतोय घर नाही, आणि कॅमेरा कोणाचीच बाजू घेत नाही. त्या भांडणात मी अडकलो.

तर माझं म्हणणं असं की सीनमधला ताण हा तिघांच्या एकमतातून येत नाही, एकाने सांगितलेलं दुसऱ्याने नाकारण्यातून येतो. तुम्हाला काय वाटतं? जे या कामात आहेत त्यांनी तर नक्की लिहा. मला तो सीन परत कापायचाय.

---

कोकणकडा

मस्त विषय. मी सिनेमातला नाही, पण तुमच्या गुहागरच्या घरासारख्याच घरात वाढलोय म्हणून एक सांगतो.

आमच्याकडे रात्री भीती आवाजाने वाटायची नाही, आवाज थांबला की वाटायची. पावसाळा संपता संपता रातकिडे एवढे ओरडतात की दहा मिनिटांनी ते ऐकूच येईनासे होतात. पण परसात कोणी चालत आलं, माणूस असो की गुरं, की त्या बाजूचे रातकिडे एकदम गप्प होतात. जमिनीचा कंप त्यांना लगेच कळतो. माझी आजी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "बघ रे, माडाखाली कोण आहे." तिला काही दिसलेलं नसायचं, ऐकू आलेलं पण नसायचं. फक्त माडाखालचे रातकिडे थांबलेले असायचे.

तुमच्या सीनमध्ये व्हायोलिन आहे, पण रातकिडे आहेत का?

---

मंद्र_सप्तक

@कोकणकडा, आहेत, पण मी एकच ट्रॅक लावलाय सगळ्या सीनभर, सलग. आणि तुम्ही म्हणताय ते वाचून आता मी खुर्चीत सरळ बसलोय. बाजू बाजूने थांबणारे रातकिडे! हे मला सुचलंच नव्हतं.

---

पायरव

फोलीचं काम करते, नऊ वर्षं झाली. म्हणजे पडद्यावर जो चालतो त्याची पावलं स्टुडिओत मी चालते, बांगड्या, साडीची सळसळ, दाराची कडी, सगळं परत वाजवायचं. धागा वाचून राहवलं नाही.

तुमच्या मुद्द्याला माझ्याकडून एक जोड. भयपटात सगळ्यात जास्त काम अगदी साध्या, ओळखीच्या आवाजांचं असतं. द शायनिंग (१९८०) मधला तो लहान मुलगा तीनचाकी सायकल घेऊन हॉटेलच्या कॉरिडॉरमधून फिरतो तो शॉट सगळ्यांना कॅमेऱ्यासाठी आठवतो, गॅरेट ब्राउनची स्टेडिकॅम (चालतानाही कॅमेऱ्याला धक्के लागू न देणारं उपकरण), जमिनीलगत, मुलाच्या बरोबर मागे. बरोबरच आहे, पण डोळे मिटून ऐका. चाकं लाकडी फरशीवर असली की खडखडाट, गालिच्यावर गेली की एकदम मऊ, जवळजवळ काही नाही, परत लाकूड की परत खडखडाट. कोणी भूत नाही, कोणी किंचाळत नाही. पण दोन-तीन वळणं झाली की तुमचा श्वास त्या गालिच्यांच्या हिशोबाने चालू लागतो, आणि प्रत्येक वेळी आवाज गेला की वाटतं आता काहीतरी होणार. कॅमेरा एकसारखा वाहतोय, त्याच्यात झटका नाही, आणि आवाज मात्र सारखा तुटतोय. तुमचं ते "भांडण" इथे आहे बघा.

आम्हाला शिकवलेलं पहिलं काम म्हणजे रूम टोन. प्रत्येक खोलीची एक शांतता असते, ती शूटिंगच्या जागी सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करून घ्यायची. फ्रिजची घरघर, कौलातून येणारा वारा, लांबचा रस्ता. खरी शांतता ही त्या टोनने भरलेली असते. तो टोन काढून टाकला, पूर्ण शून्य केलं, तर प्रेक्षकाला आधी कळतच नाही काय झालं, फक्त कान दुखल्यासारखं होतं. हे शस्त्र आहे, पण फार तर एकदा वापरायचं.

---

जुनी_तबकडी

वयाने बहुधा या धाग्यावर मीच मोठा असेन, म्हणून जुनं उदाहरण देतो. महल, १९४९. बॉम्बे टॉकीज, दिग्दर्शक कमाल अमरोही, छायाचित्रण जोसेफ विर्शिंग यांचं, मूळचे म्युनिकचे, जर्मन छायाप्रकाश त्यांच्या हातातच होता.

त्यातलं "आएगा आनेवाला" सगळ्यांना पाठ. पण गाण्याच्या आधीची जी संथ ओळ आहे, ती लांबून येते आणि हळूहळू जवळ येते. आज तुम्ही लोक ते कॉम्प्युटरवर करता. तेव्हा काय केलं, तर मायक्रोफोन खोलीच्या मधोमध ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. हे त्यांनी स्वतः मुलाखतींमधून सांगितलेलं आहे. आवाज नुसता मोठा होत नाही, खोलीतला घुमारा कमी होत जातो आणि श्वास ऐकू यायला लागतो, त्यामुळे कानाला पटतं की कोणीतरी चालत येतंय. पडद्यावर अशोककुमार त्या आवाजाच्या मागे हवेलीभर हिंडतोय आणि बाई हातात लागत नाही.

आणि हे तर कृष्णधवल. रंग नावाची गोष्टच नाही. तरी मला वयाच्या दहाव्या वर्षी मॅटिनीला बघताना जी भीती वाटली ती आजवर विसरलो नाही. घरी आल्यावर रेडिओवर तेच गाणं लागलं तर मी आईच्या पदराला धरून बसलो होतो. रेकॉर्डवर तेव्हा गायिकेचं नाव "कामिनी" छापलेलं, म्हणजे पात्राचं. आवाजाला स्वतःचं शरीरच नव्हतं.

---

पायरव

काका, अगदी. आवाज "मोठा" करणं आणि आवाज "जवळ" आणणं यात फार फरक आहे, नवीन पोरं तिथेच चुकतात, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर ढकलला की झालं असं वाटतं त्यांना. जवळचा आवाज म्हणजे घुमारा कमी, तोंडाचे बारीक आवाज जास्त. @मंद्र, तुमच्या आजीची हाक कशी रेकॉर्ड केलीत?

---

मंद्र_सप्तक

@जुनी_तबकडी काका, हे सोन्यासारखं आहे, मनापासून आभार.

@पायरव, हाक नंतर घरी डब केली, माझ्या मावशीच्या आवाजात, कपाटासमोर ब्लँकेट लावून. आणि वर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) मारला. म्हणजे नक्की चुकीचं केलं असं दिसतंय.

---

निशिगंधा_पी

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, सिनेमा फक्त बघणारी. रंगाबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून.

अंधार निळा का दाखवतात याचं एक कारण शरीरात आहे. उजेड भरपूर असतो तेव्हा डोळ्यातल्या शंकुपेशी काम करतात, त्यांना रंग कळतात. उजेड कमी झाला की दंडपेशी काम हातात घेतात, त्यांना रंग कळत नाहीत, आणि लाल तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे तिन्हीसांजेला लाल जास्वंद आधी काळी पडते आणि तिचीच हिरवी पानं मात्र त्या मानाने उजळ दिसत राहतात. परसात बसून कोणीही बघा. याला पुरकिंज्ये परिणाम म्हणतात, चेक शास्त्रज्ञ होते, एकोणिसाव्या शतकातले. म्हणून निळसर अंधार आपल्याला खरा वाटतो.

पण कंदिलाच्या उजेडात गोष्ट वेगळी. ज्योतीचा रंग साधारण १९०० केल्विन, म्हणजे त्यात निळा जवळजवळ नसतोच. कंदील हातात धरलेल्या माणसाचा चेहरा लालसर-पिवळा, आणि हाताच्या पलीकडे सगळं काळं. शिवाय एक विचित्र गोष्ट, उजेड ज्याच्या हातात त्यालाच सगळ्यात कमी दिसतं, कारण ज्योत डोळ्यासमोर असल्यामुळे त्याच्या डोळ्यातल्या बाहुल्या आकसलेल्या असतात. लांबून अंधारात उभं असलेल्याला मात्र तो छान दिसतो. माझ्या मते कंदिलाची भीती ही आहे. तुम्ही आख्खी खोली निळी केलीत म्हणजे मुलीला जेवढं दिसायला हवं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त प्रेक्षकाला दिसलं.

---

कोकणकडा

निशिगंधाताई, उजेड धरणाऱ्याला कमी दिसतं हे शंभर टक्के. आमच्याकडे रात्री चालताना वडील बॅटरी बंद करायला सांगायचे, म्हणायचे थोडं थांब, डोळे बसू देत, मग वाट दिसेल.

---

हिरवा_दिवा

माझा विरोधी सूर, राग मानू नका.

मंद्र यांचं म्हणणं एकदम गोड वाटतं पण मग सुस्पिरिया (१९७७) चं काय करणार? दारिओ अर्जेंतोचा. त्यात तर तिघंही पहिल्या मिनिटापासून एकदम ओरडताहेत. लाल, निळा, हिरवा असे रंग की भिंतींना विष चढलंय असं वाटावं, गॉब्लिन बँडचं संगीत इतकं जोरात की संवाद दबतात, ते संगीत आधीच तयार करून शूटिंगच्या वेळी सेटवर वाजवायचे, आणि कॅमेरा कुठे कुठे फिरतो. टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीने प्रिंटा काढल्या होत्या, ती पद्धत तेव्हा संपतच आली होती, त्यामुळे ते रंग नुसते गडद नाहीत, ओले वाटतात. तिथे कोणी कोणाला नाकारत नाहीये. सगळे एकच गोष्ट बोलताहेत. आणि तरी मी तो सिनेमा एका बैठकीत बघू शकलो नाही, दोनदा उठून पाणी प्यायलो.

मला वाटतं आपण मराठी-हिंदी प्रेक्षक "कमी म्हणजे चांगलं" हे फार पटकन मान्य करतो. आवाज कमी, रंग फिके, कॅमेरा स्थिर, की झाला उच्च अभिरुचीचा भयपट. अतिरेकाचीसुद्धा एक भीती असते. जत्रेत रात्री पाळण्याखाली हरवलेल्या मुलाला विचारा.

---

मंद्र_सप्तक

@हिरवा_दिवा, राग कसला, हाच प्रश्न मला पडायला हवा होता. कालपासून विचार करतोय.

सुस्पिरिया परत बघितला, निदान पहिली पंधरा मिनिटं. मला असं दिसलं की तिथे भांडण या तिघांमध्ये नाही, ते तिघं एका बाजूला आणि गोष्ट दुसऱ्या बाजूला असं आहे. मुलगी विमानतळावरून बाहेर पडते, पाऊस पडतोय, टॅक्सी पकडायची आहे. एवढंच घडतंय. पण दार उघडलं की संगीत येतं, दार बंद झालं की जातं! म्हणजे संगीत बाहेर पावसात राहतंय, जसं काही हवामान असावं. आणि टॅक्सीत तिच्या चेहऱ्यावर लाल-निळे उजेड पडतात ते कुठून येताहेत हे कळत नाही, रस्त्यावर तसं काही नाहीये. उजेडाला मालक नाही. रोजच्या गोष्टीला एवढा मोठा प्रतिसाद मिळाला की माणूस विचारतो, यांना काय माहीत आहे जे मला माहीत नाही?

आमच्या सीनमध्ये तसं नव्हतं, आमच्याकडे भीतीच्या जागी भीतीचंच संगीत होतं. तर माझं वाक्य थोडं बदलतो. तिघांचं एकमत झालं तरी चालेल, पण प्रेक्षकाला समोर जे घडताना दिसतंय त्याच्याशी कुठेतरी बिनसलं पाहिजे. "कमी म्हणजे चांगलं" असं मला म्हणायचं नव्हतं, पण वाचताना तसं वाटलं असेल तर चूक माझी.

---

हिरवा_दिवा

मालक नसलेला उजेड. हे पटलं.

---

फोकस_साडेपाच_फूट

कॅमेरा डिपार्टमेंटला आहे, असिस्टंट, फोकस ओढतो. दोन गोष्टी.

एक म्हणजे कॅमेरा हलला की तो कोणाचा तरी डोळा होतो. तुम्ही मुलीच्या मागे ट्रॉली लावलीत, मग प्रेक्षकाला वाटणारच की मागे कोणीतरी आहे. म्हणजे हाक यायच्या आधीच तुम्ही कोणीतरी आहे हे सांगून टाकलंत. हाकेसाठी काय उरलं?

दुसरं फ्रेममधली मोकळी जागा. द इनोसन्ट्स (१९६१), जॅक क्लेटनचा, कॅमेरा फ्रेडी फ्रान्सिस. स्टुडिओने सिनेमास्कोपच पाहिजे म्हणून सांगितलं. घरातला, दोन-तीन माणसांचा विषय आणि एवढी आडवी फ्रेम, करायचं काय? तर फ्रान्सिसने फिल्टर रंगवून घेतले, म्हणजे मध्ये स्वच्छ आणि दोन्ही कडांना अंधार गडद होत जाणारा. आता बाई हातात मेणबत्ती घेऊन मधून चालतेय आणि डावी-उजवीकडे एवढी जागा की तिथे काहीही उभं असू शकेल. तुमचे डोळे मधल्या चेहऱ्यावर राहतच नाहीत, सारखे कडेला पळतात. मेणबत्त्यासुद्धा खास करून घेतलेल्या, एकीत चार-पाच वाती एकत्र पिळलेल्या, नाहीतर फिल्मवर एवढा उजेडच नसता आला. आणि सिनेमा सुरू होतो तोच काळ्या पडद्यावर, लहान मुलीच्या आवाजात गाणं, चित्र काहीच नाही, बराच वेळ.

आपल्याकडे तुंबाडला पंकज कुमारनी जे केलंय ते बघताना मला हेच आठवतं. बाहेरचा पाऊस खरा, त्यासाठी टीमने पावसाळ्यांमागून पावसाळे वाट बघितली. त्या करड्या-हिरवट ओलीत बराच वेळ काढलेला असतो म्हणून खाली विहिरीतून देवीच्या त्या गर्भात उतरल्यावर तो लाल अंगावर येतो. तोच लाल पहिल्या दहा मिनिटांत भिंतींवर, साड्यांवर, सगळीकडे सांडला असता तर खाली काही उरलं नसतं. रंग राखून ठेवावा लागतो, तिखटासारखा. (त्या चित्रपटाला फिल्मफेअरची छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि साउंड डिझाइन अशी तीन मिळाली, तिघांना बरोबर मिळाली असं माझं मत.)

---

नायगारा_ते_नाणेघाट

वाचनखूण साठवली. इकडे हिवाळ्याच्या रात्री बर्फ पडतोय आणि मी हा धागा वाचत बसलोय, बायको म्हणते दिवा तरी लाव.

स्थिर कॅमेऱ्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण द एक्झॉर्सिस्ट ३ (१९९०). विल्यम पीटर ब्लॅटी यांनी स्वतःच्याच कादंबरीवरून केलेला. हॉस्पिटलचा कॉरिडॉर, रात्रपाळीची नर्स एकटी. कॅमेरा लांब, कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, आणि तो हलत नाही म्हणजे नाहीच. तिला कसला तरी कडकड आवाज येतो. ती खोलीत जाऊन बघते तर ग्लासातला बर्फ वितळताना तडकतोय. एवढंच. (त्यातच झोपलेला माणूस उठून तिच्यावर ओरडतो, तो पहिला दचका.) आपण हुश्श करतो. परत तोच कॉरिडॉर, तोच लांबचा शॉट. पोलीस येतात-जातात, कागद हलवले जातात, काही घडत नाही. इतका वेळ काही घडत नाही की मी पहिल्यांदा बघताना वाटलं डीव्हीडी अडकली. ती एका खोलीत डोकावते, दार बंद करून वळते, आणि मग जे होतं ते मी लिहिणार नाही, ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी.

पण मला भारी वाटतो तो बर्फच. आवाजाने एकदा खोटं सांगितलं, ते खोटं आहे हे आपल्याला दाखवून पण दिलं, आणि त्यामुळे पुढच्या शांततेवर आपण विश्वास ठेवला.

---

सुमन_कुलकर्णी_नाही

मी भयपट बघत नाही, मला झेपत नाहीत. पण मुलं हॉलमध्ये लावतात तेव्हा मी स्वयंपाकघरात असते आणि मला फक्त ऐकू येतं. आणि खरं सांगते, मला त्यांच्यापेक्षा जास्त भीती वाटते. परवा असंच काहीतरी लावलं होतं, बराच वेळ काहीच आवाज नाही, मग फक्त एक लाकूड करकरलं, आणि माझ्या हातातली कढई सुटता सुटता राहिली. बाहेर जाऊन बघितलं तर पडद्यावर नुसती एक बाई दाराशी उभी होती आणि पोरं चिवडा खात होती. बघितल्यावर भीती गेली.

म्हणून वाटतं की जे दाखवायचं नाही त्याचाच आवाज ऐकवा. मी तांत्रिक काही जाणत नाही, पण माझा अनुभव असा आहे.

---

पायरव

सुमनताई, आम्ही मिक्सिंगला बसतो तेव्हा हेच करतो हो, पडदा बंद करून नुसतं ऐकायचं. तुमचं स्वयंपाकघर म्हणजे आमचा स्टुडिओ.

आणि किंकाळ्यांबद्दल एक राहिलं. किंकाळी नुसती मोठी असते म्हणून टोचत नाही, तिच्यात आवाजाची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा थरथरते, साध्या बोलण्यात तसं नसतं. २०१५ मध्ये करंट बायोलॉजी या नियतकालिकात त्यावर अभ्यास आला होता. अलार्मच्या आवाजातही तो खरखरीतपणा असतो. १९६० च्या सायकोमधल्या त्या बाथरूमच्या सीनला बर्नार्ड हरमननी फक्त तंतुवाद्यं वापरली, आणि ती कशी, तर गजाने ओरबाडल्यासारखी. हिचकॉकला आधी तिथे संगीतच नको होतं. ऐकल्यावर मत बदललं. म्हणजे व्हायोलिन वाईट नाही मंद्र, तुमचं व्हायोलिन फक्त वेळेच्या आधी आलं.

---

मंद्र_सप्तक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तीन आठवडे या धाग्यावर आलो नाही कारण सीन परत करत होतो. काय काय केलं ते लिहितो.

ट्रॉलीचा शॉट काढून टाकला. नशिबाने एक स्थिर शॉट घेऊन ठेवला होता, ओटीवरून माजघराचं दार दिसतं, डावीकडे झोपलेल्या आजीचे पाय आणि गोधडी, उजवीकडे काळोख. मुलगी दारातून आत जाते आणि दिसेनाशी होते. कॅमेरा बाहेरच. तिच्याबरोबर आत जात नाही. आता तांब्या उचलल्याचा, हंड्यावरचं झाकण सरकवल्याचा आवाज तेवढा आतून येतो. झाकणाचा आवाज परत रेकॉर्ड केला, आईचा जुना तांब्याचा हंडा, त्यावर पितळी झाकण, ते सरकताना शेवटी जो बारीक घुमतो ना, तो ठेवला पूर्ण संपेपर्यंत.

निळा काढला. कलरिस्ट मित्राला निशिगंधाताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. आता दारातून कंदिलाचा पिवळा उजेड येतो आणि ती आत जाईल तसा चौकटीवर बारीक होत जातो, बाकी फ्रेम खरंच काळी. आजीच्या गोधडीला लाल काठ आहे, तो आधी भडक दिसत होता, आता जवळजवळ काळा दिसतो.

रातकिडे. गुहागरला एक रात्र परत गेलो फक्त यासाठी. परसात दोन माईक लावले, एक विहिरीकडे, एक गोठ्याकडे. मित्राला गोठ्याकडून चालायला लावलं, आणि कोकणकडा म्हणाले तसंच झालं हो, तो पाच-सहा पावलं आला आणि त्या बाजूचे रातकिडे गप्प, विहिरीकडचे चालूच. हेडफोनमध्ये ते ऐकताना मला माहीत होतं की तो मित्रच आहे, त्याच्या चपला मी ओळखतो, आणि तरी मी मागे वळून बघितलं. सीनमध्ये हाकेच्या साधारण सहा सेकंद आधी एका बाजूचे रातकिडे थांबतात. संगीत अजिबात नाही.

आणि हाक. मावशीला गुहागरला घेऊन गेलो. त्याच माजघरात, माईक ओटीवर, मावशी आतल्या खोलीतून बोलत बोलत पुढे आली, महलसारखी. पहिला शब्द लांबून आणि "ये गो" अगदी कानाशी. कुठलाही रिव्हर्ब मारलेला नाही, सगळं त्या घराचंच आहे.

आठ-दहा जणांना घरी दाखवली. हाक आल्यावर कोणी किंचाळलं नाही. पण माझी आई, जिने हा सीन याआधी कितीदा बघितलाय, ती मध्येच उठली आणि मागचं दार लावून आली, आणि परत येऊन काही न बोलता बसली.

---

कोकणकडा

वा. एवढंच लिहितो. माझी आजी असती तर तिला दाखवली असती.

---

पायरव

फार छान वाटलं वाचून. एक विचारते, हाक कुठल्या स्पीकरमधून ठेवलीय? मागून की पुढून?

---

मंद्र_सप्तक

५.१ च्या (थिएटरसारख्या पुढे-मागे स्पीकर असलेल्या) मिक्समध्ये पहिला शब्द पुढच्या डाव्यातून, आणि "ये गो" मागच्या डाव्यातून, म्हणजे प्रेक्षकाच्या खांद्यामागून. थिएटरला ते भारी वाटतं. पण खरं सांगायचं तर आमची फिल्म बहुतेक लोक मोबाईलवर बघणार, तिथे मागे-पुढे काही राहत नाही. रातकिड्यांची बाजूसुद्धा फोन उभा धरला तर कळत नाही, आणि कौलावरचा जो अगदी खालचा घुमारा ठेवलाय तो त्या एवढ्याशा स्पीकरला वाजतच नाही. मोबाईलसाठी वेगळा मिक्स करावा का, की सुरुवातीला हेडफोन लावा अशी पाटी टाकावी, यावर आमच्यात एकमत होत नाहीये.

---

फोकस_साडेपाच_फूट

पाटी नको. पाटी टाकली की प्रेक्षक आवाजाची वाट बघत बसतो. वेगळा मिक्स करा, आणि त्यात रातकिडे सगळेच थांबवा, दोन्ही बाजूचे.

---

पायरव

सगळे नको, मी म्हणेन आवाजाचा पोत बदला. मोबाईलवर बाजू कळत नसेल तर जवळ-लांब अजून कळतं. विहिरीकडचे लांबचे ठेवा, जवळचे काढा. उद्या मला दोन्ही फाइल पाठवता का? रात्रपाळी आहे, एक वाजल्यानंतर स्टुडिओ रिकामा असतो, फोनवर लावून ऐकते आणि सांगते.

---

मंद्र_सप्तक

पाठवतो. चार ट्रॅक आहेत, विहीर, गोठा, माजघर आणि नुसता ओटीचा रूम टोन. ओटीच्या टोनमध्ये विसाव्या सेकंदाच्या आसपास माझा श्वास आलाय, तेवढा कापून घ्या.